नवरीच्या नावाची जागा

भोपर, डोंबिवली पूर्व
१२ जुलै २०२५

भावना बाय,

काकीचा आशीर्वाद आधी घे, मग पुढचं वाच.

तू परवा म्हणालीस, "काकी, कामाचं फोनवर नको, मेल कर, म्हणजे माझ्याकडे राहतं." मला मेल लिहिता येत नाही, पत्र लिहिता येतं. तेव्हा हे पत्रच आहे, फक्त पोस्टमनचे पाय वाचले. उत्तरही पत्रासारखं दे. नुसता अंगठा पाठवलास तर मी ते उत्तर धरणार नाही.

काम सांगते. तुझ्या काकांनी तुझ्या आजीचे लग्नातले धवले तिच्याच आवाजात भरून ठेवले होते, ती हार्ड डिस्क माझ्याकडे आहे. काका जाऊन तीन वर्षं होत आली, ती मी कपाटातून काढली नव्हती. मागच्या आठवड्यात काढली, ती तुझ्यासाठी. फेब्रुवारीत तुझं लग्न. आजी तुला मांडीवर घेऊन म्हणायची, "हिच्या लग्नान हिच्या नावाचा धवला होनार." आपल्या आगऱ्यांत लग्नाच्या एकेका विधीचं एकेक गाणं, एकेक धवला. तो म्हटल्याशिवाय आजी पुढच्या विधीला हात लावू द्यायची नाही, भटजी आला असला तरी त्याला बसवून ठेवायची. तुझी आजी धवले म्हणणारी, धवलारीण; धाकूबाई भोपरची म्हटलं की खाडीपलीकडून माणसं बोलवायला यायची. आता आजी नाही. तिच्या मागे म्हणणाऱ्या दोघी होत्या, त्याही गेल्या. गायला कोणी उरलं नाही, पण आवाज आहे. तुझ्या लग्नात धवला झाला पाहिजे. मला एवढंच हवंय.

तू लोकांच्या साइट बनवतेस, एक आपली बनव. नुसता ढीग नको. हळदीला बसलं की हळदीचा धवला हाताशी आला पाहिजे. कोणी म्हटला, कोणत्या गावचा, कोणाच्या लग्नातला, सगळं विचारता आलं पाहिजे. आणि भरण्याचं काम मी करणार. मी चौथी शिकले, पण त्यानंतर वाचनालयाची निम्मी कपाटं वाचलीत, हे लक्षात ठेवून शिकव.

तुझी
लक्ष्मीकाकी


कोपरी, ठाणे पूर्व
१७ जुलै

प्रिय काकी,

बघ, अंगठा नाही पाठवला. ऑफिस सुटल्यावर बसून लिहितेय.

होईल. मस्त होईल. ऐक, साइट तयार मिळते तेव्हा तिला दोनच प्रकार माहीत असतात, एक पान आणि एक बातमी. बहुतेक लोक सगळं त्या दोनात कोंबतात आणि मग वर्षभराने माझ्याकडे रडत येतात की काही सापडत नाही. आपण तसं करणार नाही. आपण साइटला तिसरा प्रकार शिकवणार: 'धवला'. पान नाही, बातमी नाही, धवला. प्रत्येक धवल्याला त्याच्या स्वतःच्या जागा असतील, त्यांना फील्ड म्हणतात. विधी, गायिका, सोबत म्हणणारी, गाव, नवरी, नवरदेव, कोणाच्या मांडवात, कधी भरला, आणि ऑडिओ. एकेका गाण्यासाठी तू त्या जागा भरायच्या.

मग क्वेरी. क्वेरी म्हणजे साइटला विचारलेला प्रश्न. "धवले दे, विधी हळद असलेले, गायिका धाकूबाई असलेले." ती तेवढेच काढून देते. जागा नीट भरल्या असतील तरच हां. जागा रिकामी तर उत्तर रिकामं.

साइटला ओटा असतो आणि मागची पडवी असते, असं समज. ओट्यावर लोक येणार. पडवीत तू. पडवीची किल्ली म्हणजे पासवर्ड, वेगळ्या मेलमध्ये पाठवलाय. नयनला दाखवू नकोस, तो तिथे क्रिकेटचे फोटो टाकेल. (माझा भाऊ आहे म्हणून मी बोलू शकते.)

आता एक प्रॉब्लेम. मी चार फाइल ऐकल्या. आजी प्रत्येक गाण्यात नवरीचं आणि नवऱ्याचं नाव घेते. म्हणजे माझ्या हळदीला स्पीकरवर दुसऱ्याच कोणाची हळद लागणार. विनीतची आई विचारेल, "ही शेवंता कोण गं?" ती वर्तकनगरची, मूळची साताऱ्याकडची, तिला धवला म्हणजे काय हे मी अजून समजावतेय. फील्डमधलं नाव मी एका क्लिकमध्ये बदलू शकते, काकी. आजीच्या आवाजातलं कसं बदलू?

भावना


भोपर
३ ऑगस्ट

भावना बाय,

पडवीत शिरले. पहिले दोन दिवस नुसती उभी होते, कशाला हात लावायची भीती वाटत होती. तिसऱ्या दिवशी मदतीची पानं वाचायला घेतली. मराठीत आहेत, पण लिहिणाऱ्याने कधी स्वतःशी मोठ्याने वाचून पाहिलेली दिसत नाहीत. तरी कळलं. पुस्तक अवघड असलं की मी पुढे जाते आणि पुन्हा मागे येते, तसंच केलं.

आता रोज दुपारी जेवण झालं की बसते. एक धवला ऐकायचा, मग त्याच्या जागा भरायच्या. आवाज ऐकला की मला नवरी आठवते, मांडव आठवतो, कुठे कोण रुसलं होतं तेही आठवतं. रुसव्याची फील्ड तू ठेवली नाहीस, ते बरं केलंस, नाहीतर तीच सगळ्यात भरलेली निघाली असती.

दोन तक्रारी आहेत.

पहिली. मी लग्नाच्या क्रमाने भरत गेले. आधी मांडव, मग देवक, घाणा, हळद, असं पाठवणीपर्यंत. आणि यादी उघडली तर पाठवणी सगळ्यात वर, मांडव तळाला! तुझ्या साइटवर मुलगी आधी सासरी जाते आणि मग तिला हळद लागते. आजी असती तर म्हणाली असती, "ही कुनाची येडी धवलारीन?"

दुसरी. 'गाव' एकच ठेवलंस. आजी राहिली भोपरला, पण धवले शिकली माहेरी, बाळकुमला, तिच्या आत्याकडे. तिच्या घाण्याची चाल बाळकुमची आहे, भोपरच्या बायका वेगळी म्हणायच्या. उद्या कोणी बाळकुमची मुलगी तुझ्या साइटला विचारेल, "माझ्या गावचा धवला दे," तर तिला काही नाही असं उत्तर मिळेल, आणि तो इथेच भोपरच्या नावाखाली बसलेला असेल. बाईचं नुसतं सासर लिहून भागत नाही.

नावाचं म्हणशील तर ऐकणारीने मनात आपलं नाव घ्यावं. पुढे बघू.

काकी


कोपरी
९ ऑगस्ट

काकी,

मी हसून हसून मेले. ऑफिसमधल्या ऋजुताला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "तुझ्या काकीला आमच्या टीममध्ये घे." खरंच. आमचे क्लायंट सहा महिने साइट वापरतात तरी त्यांना कळत नाही की यादी नेहमी नवं-आधी लागते. तू सांगितल्याशिवाय साइटला दुसरा क्रम माहीतच नसतो.

आता सांगितला. 'क्रम' नावाची नवी जागा केली आहे. मांडवाला दहा, देवकाला वीस, घाण्याला तीस, असं दहा-दहाने लाव. एक-दोन-तीन लावू नकोस. उद्या मध्येच एखादा विधी आठवला तर पंधरा देऊन आत सरकवता येतो, पुढचे सगळे उठवावे लागत नाहीत.

गावाच्या दोन जागा केल्या: माहेर आणि सासर. प्रश्न विचारला की साइट दोन्हीत बघेल. हे मला सुचायला हवं होतं. मी पण सहा महिन्यांत भोगणार आहे.

अजून एक. फाइल जड आहेत, मी त्या थोड्या साफ करते. सुरुवातीची खरखर आणि शेवटचं फालतू बोलणं कापून टाकू का? प्रत्येक फाइलच्या शेवटी काही सेकंद कोणीतरी पुटपुटतं. सॉफ्टवेअर एका फटक्यात सगळ्यांचे शेवट कापेल.

भावना


भोपर
९ ऑगस्ट, संध्याकाळ

भावना,

शेवट कापू नकोस. एकाही फाइलचा नाही.

क्रमाचं आणि गावाचं छान केलंस. बाकी नंतर.

काकी


कोपरी
१२ ऑक्टोबर

काकी,

नाही कापले. तू कारण विचारू दिलं नाहीस, म्हणून मीही विचारलं नाही.

पण आता मला मदत हवी आहे. साइट तयार आहे, दिसते पण सुंदर. आणि एकही धवला देत नाही! हळद विचारली, शून्य. धाकूबाई विचारलं, शून्य. बाळकुम, शून्य. सगळे धवले दे म्हटलं तरी शून्य. पडवीतल्या धवल्यांच्या कपाटावर बाहेरून आकडा दिसतो (कपाट मी उघडलं नाही, ते तुझं), म्हणजे तू ढीगभर भरलंयस. मग ओट्यावर का येत नाहीत? दोन संध्याकाळी मी माझा कोड उलटापालटा करतेय. ऋजुताने पाहिला, ती म्हणाली बरोबर आहे. मी सुद्धा म्हणते बरोबर आहे. तरी शून्य. आठ वर्षं मी हेच काम करतेय, आणि घरची साइट चालत नाही.

इकडे पप्पा म्हणतात माजिवड्याच्या हॉलवाल्याकडे डीजे पॅकेजमध्येच आहे, हळदीला पण तोच लावू, कशाला डोकेदुखी. मी अजून नाही म्हटलेलं नाही. तू काही चुकून हलवलंस का? ओरडणार नाही, फक्त सांग.

भावना


भोपर
१४ ऑक्टोबर

भावना बाय,

तुझा कोड बरोबर आहे. दोन संध्याकाळी वाया घालवल्यास त्याचं मला वाईट वाटतं. मी आधी सांगायला हवं होतं, पण मला वाटलं तुला हे माहीत असणारच, तू धाकूबाईची नात.

सगळे धवले मी 'ड्राफ्ट'मध्ये ठेवलेत. मुद्दाम. 'पब्लिश' एकही केला नाही. मदतीच्या पानावर वाचलं होतं की पब्लिश केलेलंच लोकांना दिसतं, तेव्हाच ठरवलं. चातुर्मास चालू आहे, बाय. लग्नं नाहीत, मांडव नाहीत. मांडव नसताना धवला म्हणायचा नाही, हा आजीचा नियम. ती म्हणायची, "धवल्यान देवांना आवतन असतंय. ते येतात आन बगतात त मांडवच नाय. मग खोटी ठरते ती धवलारीन." तुझ्या साइटवर पब्लिश केलं म्हणजे कोणीही, कुठेही, कधीही दाबणार आणि आजी गाणार. मी भरताना ऐकते ते एकटीने, हळू आवाजात; बाकी तिला चार महिने थांबवणं माझं काम. तुळशीचं लग्न झालं की सगळे एकदम सोडते.

तू विचारशील, मग मांडवातले सोडून बाकीचे काकांनी घरी बसून भरले ते कसे? आजी तर मांडवाशिवाय तोंड उघडायची नाही. त्यांनी पहिल्यांदा टेप पुढे धरला तेव्हा तिने त्यांना हाकलून लावलं होतं. दुसऱ्या रविवारी ते आंब्याचा टाळ, पानांच्या डहाळ्या, घेऊन आले, आपल्या गॅलरीच्या चार कोपऱ्यांना बांधला, खाली पाट ठेवला, पाटावर तांदूळ, आणि म्हणाले, "आये, ह्यो मांडव. आता बोल." ती हसली, पण पदर सारखा करून बसली. मग दर रविवारी तेच. एमआयडीसीतली शिफ्ट करून आलेला माणूस, सुट्टीच्या दिवशी दुपारी न झोपता मांडव बांधायचा. शेजारचे म्हणायचे, "बाळाराम, किती लग्नं लावशील?" ते म्हणायचे, "एकच. पुन्हा पुन्हा."

तुझ्या पप्पांना सांग, डीजे हॉलवर वाजवा, कोपरीच्या मांडवात नाही.

काकी


कोपरी
८ नोव्हेंबर

काकी,

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या सकाळी बसले होते, चहा प्यायला. साइट उघडली आणि सगळे धवले हजर! आधी मांडव, मग देवक, घाणा, हळद, ओळीने. बाळकुम विचारलं, आले. इतकं भारी वाटलं की मी घरातल्या सगळ्यांना उठवलं. पप्पा उभे राहून ऐकत होते, ब्रश तोंडात तसाच. मग आत जाऊन हॉलवाल्याला फोन केला की हळदीचा डीजे नको. माझ्यासमोर केला.

ऋजुताला ड्राफ्टची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, मी इतके बग पाहिले, चातुर्मासाचा पहिल्यांदाच पाहिला.

आता ऐक. काम पूर्ण झालं का ते तपासायला मी नेहमी उलटा प्रश्न विचारते: कोणत्या जागा रिकाम्या राहिल्या? तसं साइटला विचारलं, "ज्यांत नवरीचं नाव भरलेलं नाही ते धवले दे." वाटलं, एखाद-दुसरा राहिला असेल. तर एक अख्खा गठ्ठा आला. आणि त्या सगळ्यांत नवरदेव पण रिकामा, आणि 'सोबत म्हणणारी', 'कोणाच्या मांडवात' या जागा पण रिकाम्या. 'कधी भरला' ती जागा वाचली तर सगळे रविवारचे. म्हणजे गॅलरीतले.

काकी, तू रुसवेसुद्धा आठवणारी बाई. तू विसरली नाहीस.

मग मी हेडफोन लावून ऐकले. आजी म्हणते,

उठ बाय लक्षुमी, पाटावरी बस गो,
तुझा बाळाराम मांडवी आला गो.

प्रत्येक गाण्यात तेच. लक्ष्मी आणि बाळाराम. दुसरं लग्न समोर नव्हतं, म्हणून आजीने तुमचंच लावलं, दर रविवारी. आणि आजीची ओळ संपली की ती उचलणारा दुसरा आवाज आहे. बारीक, पण एकदम सुरात, आजीपेक्षा पण स्थिर. मी हा आवाज जन्मापासून ऐकतेय, "भावना, हात धुवून बस" म्हणताना.

आणि मग शेवट. जो मी कापणार होते. काका म्हणतात, "हं, झाला."

मला माफ कर गं. फालतू बोलणं म्हटलं मी त्याला.

तू लिहिलंस गायला कोणी उरलं नाही. काकी, तू उरली आहेस. माझ्या हळदीला तू म्हणशील का? माझ्या नावाचा?

भावना


भोपर
२० डिसेंबर

भावना बाय,

उशीर झाला. तुझ्या पत्राचं उत्तर लिहायला बसले की मी साइटवर जाऊन काहीतरी नीट करत बसायचे. त्यामुळे साइट आता अगदी चकचकीत आहे.

खोटं नव्हतं लिहिलं. मी धवलारीण नाही. मांडवात कधी एक शब्द म्हटला नाही. गॅलरीत आजीच्या मागे म्हणायचे, कारण मागे म्हणणारी पाहिजेच, ओळ अधांतरी सोडायची नसते. बाहेर आजीच्या सोबतिणी होत्या. घरात मी होते. आम्हा तिघांपलीकडे कोणाला माहीत नव्हतं.

तुला वाटेल विधवा म्हणून मागे राहते. तसं नाही. आजी स्वतः विधवा होती तेव्हाच तिने सगळ्यात जास्त मांडव गाजवले, तिला कोणी हटकायची हिंमत नव्हती, आणि मला कोणी हटकलं तर मी ऐकून घेणाऱ्यातली नाही.

कारण वेगळं आहे, आणि लहान आहे. धवला कुठे संपवायचा हे मला कळत नाही. त्यात नावं गुंफत जायचं असतं. नवरीची आई, मामी, आत्या, पलीकडची माणसं, जितकी घेशील तितका लांबतो. आजीला विधी कुठवर आलाय ते बघून थांबता यायचं. मी तिच्या मागे असायचे, आणि आम्ही दोघी यांच्या तोंडाकडे बघायचो. ते टेपवर बोट ठेवून, मान हलवून म्हणायचे, "हं, झाला." मग आम्ही थांबायचो. ते गेल्यावर एकदा दुपारी भांडी घासताना ओठावर आला. सुरू केला आणि थांबता येईना. शेवटी नळ बंद करून खाली बसले. त्यानंतर म्हटला नाही.

नवरीचं नाव म्हणून रिकामं ठेवलं. आपलंच नाव आपल्या हाताने तिथे लिहायचं, आणि शेजारी त्यांचं, आणि मग ते सगळ्यांसाठी पब्लिश करायचं, ते मला जमलं नाही. आळस नव्हता तो.

तू स्पीकर लाव. तुझ्या आजीचा आवाज आहे, कमी नाही काही. तुला मी नाही म्हणते आहे, हे मला कळतंय.

काकी


कोपरी
४ जानेवारी २०२६

काकी,

ठीक आहे. स्पीकर लावू. मी मांडवासाठी वेगळं पान केलंय, मोठी अक्षरं, क्रमाने, मामाची समृद्धी फोन हातात घेऊन बसेल आणि एकेक लावत जाईल. सासू नावाची व्यक्ती "शेवंता कोण" विचारणार, त्याची तयारी मी केली आहे.

रिकाम्या जागा मी भरल्या नाहीत. मला येतं, एका क्लिकचं काम आहे. पण त्या तुझ्या आहेत.

एक सांगते, मग हा विषय बंद. तू लिहिलंस तू चौथी शिकलीस. आमच्या ऑफिसात प्रत्येक नव्या मुलाला मी आता तुझी साइट दाखवते. माहेर-सासर, दहा-दहाचे क्रम, सगळं. सांगते की कंटेंट कसा लावायचा हे ज्याला कंटेंट कळतो त्यालाच कळतं. ते विचारतात, कोणी केलं हे? मी म्हणते, आमच्या घरातल्या बाईने.

लवकर ये. हळदीच्या आदल्या दिवशीच ये. आई म्हणते, तू आल्याशिवाय घाण्याला हात लावणार नाही.

भावना


कोपरी, ठाणे पूर्व
९ फेब्रुवारी २०२६

भावना बाय,

तू कालपासून वर्तकनगरची झालीस आणि मी तुझ्याच खोलीत बसून तुला पत्र लिहिते आहे. तुझी आई आत झोपली आहे. तिला झोपू दे म्हटलं.

हळदीला तू डोळे मिटून बसली होतीस, पापणीत हळद गेली म्हणून. तेव्हा तुला ऐकू आलं असेल, पण दिसलं नाही. ते सांगते.

मांडव, देवक, घाणा, सगळं तुझ्या पानावरून बरोबर ओळीने लागलं. बायका बसून ऐकत होत्या. छान ऐकत होत्या, पण मोबाइलवर नातेवाइकाचा फोन ऐकावा तशा, मान खाली घालून. कोणी मागे म्हणत नव्हतं. मग हळदीचा लागला. आजीचा आवाज, खणखणीत, "उठ बाय शेवंता." तुला पाटावर बसवलं, पहिलं बोट तुझ्या आईने लावलं, आणि आवाज शेवंताला उठवत होता. तुझ्या सासूबाईंनी, शीलाताईंनी, माझ्याकडे झुकून अगदी हळू विचारलं, "वहिनी, शेवंता म्हणजे देवीचं नाव का?" बिचारीने किती मान ठेवून विचारलं. मी हो म्हणणार होते. मग तुझ्याकडे पाहिलं. तू इतकी नीट बसली होतीस, मान ताठ ठेवून, दुसरीच्या नावाखाली. आजी तुला मांडीवर घेऊन काय म्हणायची ते मीच तुला जुलैत लिहिलं होतं.

समृद्धीला म्हटलं, "बंद कर तो." ती म्हणाली, "काकी, रेंज आहे, चालू आहे." म्हटलं, "चालू आहे म्हणूनच बंद कर."

मग म्हटला. पहिली ओळ माझी मलाच ऐकू आली नाही. "उठ बाय भावना" म्हटलं आणि थांबले, सवयीने, मागे म्हणणारी ओळ उचलेल म्हणून. मागे म्हणणारी तर मीच असायचे. एक क्षण ती ओळ तशीच राहिली. आणि मग तुझ्या आईने उचलली. भावना, तुझ्या आईने! तीस वर्षांत तिचा गाण्याचा आवाज मी ऐकला नव्हता. तिच्यामागे तुझी मामी, मग आजीच्या माहेरून, बाळकुमहून, आलेल्या दोघी. तुझे पप्पा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते, ते बाहेर निघून गेले आणि आंब्याच्या टाळाच्या आडून ऐकत राहिले. त्यांना वाटलं आम्हाला दिसत नाहीत.

नावं घेत गेले. तुझी आई, मामी, आत्या, नयन, समृद्धी. मग पलीकडची. विनीत घेतला, शीलाताई घेतल्या. त्यांनी आपलं नाव ऐकून दोन्ही हात तोंडावर ठेवले. साताऱ्याच्या बाईला आगऱ्यांच्या धवल्यात पाटावर बसवलं मी. मग आजीचं नाव घेतलं. मग तुझ्या काकांचं. आणि मग नावं संपली आणि मला थांबता येईना. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. बायका मागे म्हणत होत्या, त्यांना काय, त्या रात्रभर म्हणाल्या असत्या. मला भांडी घासायची ती दुपार आठवायला लागली होती.

तेव्हा तू, डोळे मिटलेलेच, गालावरून हळद गळतेय, मान थोडी हलवून म्हणालीस, "हं. झाला, काकी."

सगळ्या हसल्या. मीही हसले. थांबले.

समृद्धीने ते सगळं भरून घेतलं होतं, मला न विचारता. आज सकाळी तिने फाइल दिली. मग मी तुझ्या टेबलाशी बसून पडवी उघडली. आधी रविवारचा गठ्ठा काढला आणि एकेकाच्या जागा भरल्या. नवरी, लक्ष्मी. नवरदेव, बाळाराम. सोबत म्हणणारी, लक्ष्मी. कोणाच्या मांडवात, तर बाळारामच्या. नवं लुगडं नेसून बसावं तसं वाटलं.

मग नवा धवला जोडला. विधी, हळद. नवरी, भावना. नवरदेव, विनीत. सोबत म्हणणारी, तुझी आई. गायिकेच्या जागी माझं नाव लिहिलं, माहेर दिवा, सासर भोपर. साइटने विचारलं, ड्राफ्ट ठेवू का पब्लिश करू. खिडकीतून पाहिलं, अंगणातला मांडव अजून उतरवलेला नाही, तुझे पप्पा म्हणाले उद्या उतरवू.

म्हणून आजच पब्लिश केला. विनीतच्या आईला ऐकव. शेवटपर्यंत ऐकव, शेवट मी कापलेला नाही.

तुझी
लक्ष्मीकाकी, भोपरची